व्हॉइस ऑफ अमेरिका : आवाज खणखणीत, मंडळ मात्र तपासून घ्या

व्हॉइस ऑफ अमेरिका म्हणजे अमेरिकी सरकारच्या पैशावर बाहेरच्या देशांसाठी चालणारा रेडिओ. त्याला आधी तारे देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढे वाचायला नको. कार्यक्रम : साडेचार. किंमत : पाच, कारण माझा आयुष्यात एक पैसा गेला नाही. भरवसा : अडीच. या अडीचात निवेदकांचा काही दोष नाही, बातमीदारांचा तर नाहीच. वर बसलेल्या मंडळाचं अमेरिकेनं जे करून ठेवलंय, त्याचे तारे कापलेत.

मी मिरजेची. एका नागरी सहकारी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं संचालक मंडळाच्या सभांचं कामकाज सांभाळण्यात गेली. अजेंडा काढायचा, नोटिसा पाठवायच्या, कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होतोय का ते बघायचं, इतिवृत्त लिहायचं, आणि सभेत जे बोललं गेलं ते इतिवृत्तात कसं ‘चर्चेअंती’ या एका शब्दात बसवायचं हेही शिकायचं. त्यामुळे कुठलीही संस्था दिसली की माझी नजर आधी मंडळाकडे जाते. इमारत केवढी, काउंटरवरचा माणूस किती गोड बोलतो, हे नंतर. साहेबाला कोण नेमतं आणि साहेबाला कोण काढू शकतं, हे आधी. रेडिओलाही मी हीच फूटपट्टी लावते.

मालाबद्दल थोडं सांगते, कारण माल खरंच चांगला होता. आमच्या घरी काकांचा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर होता, भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला. आकाशवाणीच्या बातम्या झाल्या की काका काटा शॉर्टवेव्हवर न्यायचे. एकतीस मीटर बँडवर काटा केसभर सरकला तरी देश बदलायचा. खरखर, शिट्ट्या, कुणाची तरी प्रार्थना, आणि मग एकदम ‘यँकी डूडल’ची धून. त्यानंतर ‘स्पेशल इंग्लिश’. हा कार्यक्रम १९५९ च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता. साधारण दीड हजार शब्दांतच सगळ्या जगाची बातमी सांगायची, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाचायचं ते नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगानं. मराठी माध्यमातल्या मुलीला याहून मोठी चैन नव्हती. शाळेत बाई ‘ड्रॉट’ म्हणायच्या तो शब्द ‘ड्राऊट’ आहे हे मला वॉशिंग्टनहून कळलं, तेही आमच्याकडेच दुष्काळाच्या गप्पा चालू असताना. बँकेच्या लेखी परीक्षेतला इंग्रजीचा पेपर मी क्लास न लावता सोडवला तो या जोरावर. विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रमही लागायचा. १९५५ पासून हा गृहस्थ चार दशकं ते करत होता आणि पूर्व युरोपात म्हणे लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मला जॅझ कळलं नाही. आजही कळत नाही. आवाज मात्र असा, की माणसानं गाणं न लावता नुसतं बोलत राहावं.

काका अमेरिकेचे भक्त वगैरे नव्हते. ते मॉस्कोही ऐकायचे, बीबीसीही ऐकायचे. त्यांची परीक्षा एकच : “मालकाची वाईट बातमी सांगतोय का बघ. सांगत असेल तर बाकीचं ऐकायला हरकत नाही.” ज्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं, त्या वॉटरगेटच्या वेळी व्हॉइस ऑफ अमेरिकेनं मालकाची वाईट बातमी सांगितली, म्हणून काकांच्या दृष्टीनं हे स्टेशन पास झालं. १९४२ च्या फेब्रुवारीत पहिलं प्रक्षेपण जर्मनीसाठी झालं, तेव्हाच बातमी चांगली असो की वाईट, आम्ही खरंच सांगू, असं वचन हवेत सोडलेलं होतं. पुढे १९६० मध्ये त्याची एक सनद लिहिली गेली आणि १२ जुलै १९७६ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी सही केल्यावर ती कायदा झाली. कलमं तीनच. बातमी अचूक, समतोल आणि सर्वंकष हवी. अमेरिकेतल्या एका गटाची नव्हे, सगळ्या समाजाची बाजू दिसली पाहिजे. सरकारचं धोरण स्पष्ट सांगा आणि त्यावरची जबाबदार चर्चाही सांगा. पोटनियम म्हणून उत्तम. पण पोटनियम काचेच्या कपाटात सगळ्यांचेच सुंदर असतात. ते पाळले नाहीत तर कोण विचारणार?

इथे या सेवेची गंमत लक्षात घ्या. आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत एखादा सभासद माइक ओढून घ्यायचा आणि अर्धा तास संचालकांची हजेरी घ्यायचा. त्याचे पैसे बँकेत असायचे, त्याला मत असायचं. व्हॉइस ऑफ अमेरिकेचा श्रोता मिरजेत, काबूलमध्ये, हवानात. त्याला अमेरिकेत मत नाही. आणि ज्या करदात्याला मत आहे, त्याला हे कार्यक्रम देशात ऐकवायलाच १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्यानं बंदी होती. सरकारनं स्वतःच्याच लोकांवर प्रचार करू नये म्हणून. ती २०१३ मध्ये सैल झाली. म्हणजे इतकी वर्षं पैसे देणाऱ्याला माल दिसत नव्हता आणि माल घेणाऱ्याला तक्रारीची खिडकी नव्हती. मधे कुणीतरी बसवणं भागच होतं.

बसवलं ते मात्र अब्रू गेल्यावर. व्हॉइस ऑफ अमेरिकेची भावंडं म्हणजे रेडिओ फ्री युरोप आणि रेडिओ लिबर्टी, एक १९५० चं, एक १९५३ चं. ही वरवर लोकवर्गणीची खासगी स्टेशनं, आतून पैसा सीआयएचा. १९५६ मध्ये हंगेरीत लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले तेव्हा पश्चिमेची मदत येईल अशी आशा या रेडिओनं लावली, असा ठपका फ्री युरोपवर बसला. तो पुरता कधी पुसला गेला नाही. १९७१ च्या जानेवारीत सिनेटर क्लिफर्ड केस यांनी सीआयएचा पैसा उघड सांगून टाकला. बंद करा म्हणणारे होते, चालू ठेवा म्हणणारे होते. शेवटी १९७३ मध्ये तोडगा निघाला : पैसा संसदेनं उघडपणे द्यायचा आणि रेडिओ व सरकार यांच्यामध्ये एक मंडळ ठेवायचं. बोर्ड फॉर इंटरनॅशनल ब्रॉडकास्टिंग.

आपल्याकडेही हा संशय नवा नाही. १९६३ च्या जुलैत नेहरू सरकारनं एक करार केला होता. अमेरिकेनं आकाशवाणीला कोलकात्यासाठी एक हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर द्यायचा आणि बदल्यात रोज तीन तास व्हॉइस ऑफ अमेरिकेला द्यायचे. असा गदारोळ झाला की करार गुंडाळावा लागला. आपल्या जमिनीवरून दुसऱ्या सरकारचा आवाज, आणि त्यात काय बोलायचं ते आपल्या हातात नाही. कुणाला पटणार?

व्हॉइस ऑफ अमेरिकेला मंडळ मिळायला १९९४ उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्यानं ब्रॉडकास्टिंग बोर्ड ऑफ गव्हर्नर्स तयार झालं आणि १ ऑक्टोबर १९९९ पासून ते स्वतंत्र सरकारी संस्था म्हणून उभं राहिलं. रचना मला बेहद्द आवडली, धंद्याच्या सवयीमुळे असेल. नऊ सदस्य. आठ जण राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, सिनेटनं मंजूर करायचे, एका पक्षाचे चाराहून जास्त नकोत. नववे परराष्ट्रमंत्री, पदसिद्ध. म्हणजे परराष्ट्र खात्याला एखादी बातमी खटकली, तर नवातलं एक मत. हुकूम सोडायची सोय नाही.

याचा उपयोग काय, हे सप्टेंबर २००१ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या पश्तू विभागानं तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याची मुलाखत मिळवली. कुठलाही बातमीदार मिळवेल तशी मिळवली. परराष्ट्र खातं खवळलं. करदात्याच्या पैशानं तालिबानचा आवाज कशाला, असा त्यांचा सवाल. प्रश्न सोपा होता आणि त्या आठवड्यात लोकांना पटणाराही होता. प्रसारण लांबलं. आतल्या पत्रकारांनी सह्या गोळा केल्या. आणि २५ सप्टेंबरला त्या मुलाखतीचा भाग इतरांच्या प्रतिक्रियांसह एका बातमीपत्रात लागला. मंडळानं यात फार शौर्य गाजवलं असं मी म्हणणार नाही. पण खात्याला फोन करावे लागले, मनधरणी करावी लागली, चार दिवस गेले. त्या चार दिवसांत संपादकांना श्वास घ्यायला जागा मिळाली. मंडळ असतं ते एवढ्यासाठीच.

आता वाईट बाजू. ती मी झाकणार नाही, कारण मी मंडळं आतून पाहिली आहेत. मंडळाच्या एका अध्यक्षांवर २००६ मध्ये सरकारी चौकशी अहवाल आला, की हे कार्यालयातून स्वतःच्या शर्यतीच्या घोड्यांचा कारभार बघतात आणि मित्राला पगारावर ठेवतात. अध्यक्षांचे घोडे म्हटल्यावर आमच्याकडच्या काही माजी चेअरमन मंडळींची मला आठवण झाली. त्यांच्याकडे घोडे नव्हते, पण द्राक्षबागा होत्या. मग अल हुर्रा, हा २००४ मध्ये याच मंडळानं काढलेला अरबी टीव्ही. २००६ च्या डिसेंबरात त्यावर लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचा प्रमुख नसरल्ला याचं लांबलचक भाषण जसंच्या तसं गेलं आणि वॉशिंग्टनमध्ये आरडाओरडा झाला. त्या वेळच्या वृत्तसंचालकांना अरबी येत नव्हतं! ज्या भाषेत आपलं दुकान चालतं ती भाषा वरच्याला येत नसेल, तर देखरेख म्हणजे नक्की कसली?

आणि कोरम. हा शब्द वाचला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. सदस्य अर्धवेळ, प्रत्येकाचा आपापला मोठा उद्योग. वॉल्टर आयझॅकसन यांच्यासारखा नावाजलेला चरित्रकार अध्यक्ष म्हणून आला आणि दोन वर्षं व्हायच्या आत २०१२ च्या जानेवारीत गेला. रिकाम्या जागा भरायच्या तर सिनेटची मंजुरी, ती वर्ष-वर्ष मिळायची नाही. सभा बोलवायची आणि माणसं पुरेशी नाहीत. २०१३ च्या जानेवारीत हिलरी क्लिंटन यांनी पायउतार होता होता संसदेत सांगून टाकलं, की हे मंडळ जवळपास निकामी झालंय. त्या स्वतः पदसिद्ध सदस्य होत्या बरं का. आमच्या बँकेतही सगळ्यात तिखट भाषण नेहमी वर्षभर गैरहजर राहिलेल्या संचालकाचं असायचं.

मग उपाय काय केला? जो आपल्याकडे सहकारात करतात तोच. मंडळ नीट चालत नाही ना, मग मंडळ बाजूला सारा आणि प्रशासक आणा. २०१६ च्या डिसेंबरात संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात काही पानं घुसवली गेली. त्यानुसार सगळे अधिकार एका सीईओकडे, त्याला नेमणार राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मंजुरीनं, आणि मंडळ उरणार फक्त सल्ला द्यायला. सही ओबामांची. दोन्ही पक्ष खूश. कार्यक्षमता वाढणार होती. प्रशासक आणताना कार्यक्षमताच वाढणार असते.

मुलगी मेरीलँडला असते. २०१८ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांना म्हटलं, बाकी स्मारकं राहू देत, मला रेडिओ स्टेशन दाखवा. इंडिपेंडन्स अव्हेन्यूवरची ती इमारत मुळात सोशल सिक्युरिटी खात्यासाठी बांधलेली. युद्ध सुरू झालं आणि ते खातं तिथे कधी राहायला आलंच नाही. आतल्या भिंतींवर बेन शान यांची मोठी चित्रं आहेत : काम नसलेली माणसं, सुतारकाम करणारे, बास्केटबॉल खेळणारी पोरं. प्रवेश फुकट, दारात विमानतळासारखी तपासणी. काचेपलीकडे एक मुलगी आफ्रिकेतल्या कुठल्याशा भाषेत बातम्या वाचत होती आणि वाचता वाचता पायातला बूट काढून दुसऱ्या पायानं घोटा खाजवत होती. आवाजात त्याचा मागमूस नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं.

टूर संपताना गाइडनं विचारलं, कुणाला काही प्रश्न? मी विचारलं, इथल्या डायरेक्टरला काढायचं असेल तर कोण काढतं? जावई हळूच म्हणाले, “आई, टूर आहे ही.” गाइड मात्र बिचारा सरळ होता. म्हणाला, सीईओ. आणि सीईओला? राष्ट्राध्यक्ष. झालं. दोनच पायऱ्या, मधे सतरंजीसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मी लेकीला म्हटलं, आत्ता माणसं बरी आहेत म्हणून चाललंय. त्याच ऑगस्टमध्ये वरच्या संस्थेचं नावही बदललं : यूएस एजन्सी फॉर ग्लोबल मीडिया. जुन्या नावात ‘बोर्ड’ होतं, नव्या नावात ‘एजन्सी’. पाटी लावणाऱ्यानं काम प्रामाणिकपणे केलं म्हणायचं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. ४ जून २०२० रोजी ट्रम्प यांनी निवडलेल्या मायकेल पॅक यांना सिनेटनं सीईओ म्हणून मंजूर केलं. १५ जूनला व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या संचालक अमांडा बेनेट आणि उपसंचालक सँडी सुगावारा राजीनामा देऊन बाहेर पडल्या. १७ जूनला फ्री युरोप, तसंच आणखी एक भावंड रेडिओ फ्री एशिया आणि अरबी वाहिन्या यांचे प्रमुख एका फटक्यात घरी. त्यांची संचालक मंडळंही बरखास्त. परदेशी पत्रकारांचे व्हिसा वाढवून घेणं थांबलं. म्हणजे ज्या भाषांसाठी ही सगळी उठाठेव, त्याच भाषा बोलणारी माणसं परत जाणार. ऑक्टोबरात पॅक यांनी बातमीदारीत वरच्यांनी ढवळाढवळ करू नये असं सांगणारा नियमच रद्द केला आणि २० नोव्हेंबरला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी त्यांना संपादकीय कामात हात घालायला मनाई केली. पाच-सहा महिन्यांत एवढं सगळं. अर्धवेळ मंडळाला एवढ्या वेळात एक ठराव धड मंजूर करता आला नसता, आणि त्याचं मोल मला इथे कळलं. वाईट काम करायलाही मंडळाला कोरम लागतो.

एक प्रसंग त्यातला माझ्या लक्षात राहिलाय. ११ जानेवारी २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री पॉम्पेओ याच इमारतीत भाषणाला आले. भाषण झालं, पत्रकारांना प्रश्न विचारू दिले नाहीत. पॅट्सी विडाकुसवारा या व्हाइट हाऊस कव्हर करणाऱ्या बातमीदार बाईंनी ते जाता जाता मोठ्यानं प्रश्न विचारले. त्याच दिवशी त्यांची व्हाइट हाऊसच्या कामावरून उचलबांगडी झाली. बाईंचं नाव ध्यानात ठेवा.

तोवर संसदेनं चूक दुरुस्त केली होती. १ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांचा नकाराधिकार ओलांडून जो संरक्षण कायदा पास झाला, त्यात मंडळ परत आलं. आता सात जणांचं : सहा नेमलेले, एका पक्षाचे तिघांहून जास्त नाहीत, आणि परराष्ट्रमंत्री. नाव ‘सल्लागार’ मंडळच, पण त्याला एक दात दिला. व्हॉइस ऑफ अमेरिकेचा संचालक नेमायचा किंवा काढायचा तर मंडळाचं बहुमत हवं. बस्स, एवढंच. कार्यक्रम ठरवायचे नाहीत, पैसे वाटायचे नाहीत, घोडे तर नाहीतच. माझ्या मते अख्ख्या इतिहासात या मंडळाबद्दल लिहिलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. मंडळ प्रत्यक्ष बसायला मात्र पुढची दोनेक वर्षं गेली. सिनेट ती सिनेटच.

त्या दाताची परीक्षा २०२५ मध्ये झाली. ट्रम्प यांनी माजी टीव्ही निवेदिका कॅरी लेक यांचं नाव संचालकपदासाठी जाहीर केलं होतं. पण नेमणूक मंडळाच्या मताशिवाय होत नाही. जानेवारीत मंडळाच्या सहाही नेमलेल्या सदस्यांना काढून टाकलं. आता गंमत बघा : मंडळ नाही, म्हणून मत देणार कोण? नवा संचालक नेमता येईना. लेकबाई संचालक न होता एजन्सीच्या सल्लागार म्हणून आल्या. १४ मार्चला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, की कायद्यानं जेवढं ठेवणं भाग आहे तेवढंच ठेवा, बाकी मोडीत काढा. दुसऱ्या दिवशी तेराशेच्या आसपास माणसांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. १९४२ पासून न थांबलेलं स्टेशन थांबलं. काही फ्रीक्वेन्सींवर बातम्यांच्या जागी नुसतं संगीत लागत होतं.

कोर्टात गेलेल्यांत पहिलं नाव कुणाचं? पॅट्सी विडाकुसवारा यांचं. २२ एप्रिलला न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी ही मोडतोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. हे गृहस्थ रेगन यांनी नेमलेले, म्हणजे त्यांना डावे म्हणायचीही सोय नाही. पण माझ्या दृष्टीनं खरा निकाल ऑगस्टमधला. संचालक मायकेल अब्रामोविट्झ यांना सांगितलं गेलं, की तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला जा, तिथल्या शॉर्टवेव्ह केंद्रावर. नाही गेलात तर काढू. आपल्याकडे नको असलेल्या साहेबाला गडचिरोलीची ऑर्डर काढतात, तोच मासला. अब्रामोविट्झ गेले नाहीत. २८ ऑगस्टला लॅम्बर्थ यांनी सांगितलं, की कायदा स्वच्छ आहे, मंडळाच्या बहुमताशिवाय याला काढता येणार नाही. सरकारचं म्हणणं होतं की मंडळच नाहीये. मग आधी मंडळ करा. माणसं काढून खुर्च्या रिकाम्या केल्या, तरी रिकाम्या खुर्च्यांचा कोरम मोजावाच लागला! इतकी वर्षं सभांच्या नोटिसा काढल्यावर मला याहून गोड निकाल वाचायला मिळालेला नाही.

मग भरवशाला अडीचच तारे का? कारण निकाल लागला म्हणून स्टेशन पूर्वीसारखं सुरू झालं असं काही नाही. जवळपास पन्नास भाषांमधल्या बहुतेक गप्प झाल्या. शेकडो माणसांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या. एका दातानं संचालक वाचवता येतो, स्टेशन नाही. पैसा आणि माणसं यांच्यावर मंडळाचा हक्क नव्हता, तिथूनच घर पोखरलं. आणि एक तारा तरी जास्त दिला तो त्या बातमीदारांसाठी, ज्यांनी स्वतःच्या मालकावर खटला भरला आणि त्या खटल्याचं पुढे काय होतंय याकडे रोज लक्ष ठेवलं.

दुसरं काय घ्यावं, असं विचाराल. बीबीसी मराठी आपल्या भाषेत आहे, आणि तेही ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेलं. त्याआधीही १९४० च्या दशकात लंडनहून मराठीत बोललं जायचं. कोल्हापूरच्या वेणू चितळे बॉम्ब पडत असताना तिथे काम करत होत्या, हे आमच्या भागातल्या फार थोड्यांना माहीत असतं. बीबीसीत बातमी काय द्यायची ते सरकार ठरवत नाही, पण कुठली भाषा सुरू किंवा बंद करायची याला परराष्ट्रमंत्र्यांची संमती लागते. म्हणजे एक चावी सरकारकडे आहेच. शिवाय डिजिटल बातम्यांच्या कंपनीत परकीय गुंतवणूक २६ टक्क्यांहून जास्त नको, या इथल्या नियमामुळे एप्रिल २०२४ पासून मराठीसह भारतीय भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी करते. तेव्हा आता दोन मंडळं बघायची. जर्मनीच्या डॉइशे वेलेची रचना मला कागदावर सगळ्यात घट्ट वाटते. तिथे चर्च, कामगार संघटना वगैरेंचे प्रतिनिधी असलेली परिषद प्रमुखाला निवडते, सरकारचे लोक त्यात असतात पण अल्पमतात. आपल्या प्रसार भारतीचं विचारू नका. कायदा १९९० चा, अंमल १९९७ चा, यातच सगळं आलं.

आणि ज्यांना फक्त इंग्रजी शिकायचंय त्यांनी या भानगडीत न पडता एवढंच करावं. स्पेशल इंग्लिशचं नाव पुढे ‘लर्निंग इंग्लिश’ झालं, त्याचा जुना साठा चाळावा. ‘लेट्स लर्न इंग्लिश’च्या पहिल्या पातळीचे ५२ धडे आहेत, ॲना नावाची मुलगी वॉशिंग्टनला राहायला येते तिथपासून. व्हॉइस ऑफ अमेरिकेनं स्वतः तयार केलेल्या मजकुरावर स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे शिक्षकांनी वर्गात छापून वाटला तरी चालतो. वृत्तसंस्थांकडून घेतलेले फोटो आणि बातम्या मात्र वगळाव्यात. आमच्या भाचीच्या मुलीला मी सगळे धडे पेन ड्राइव्हवर घालून दिलेत. संकेतस्थळ कुणाच्या तरी सहीनं एका रात्रीत बंद होऊ शकतं. तुम्हीही उतरवून घ्या, आणि शक्यतो या आठवड्यातच.